रीफ टँकच्या तळाला वाळू टाकावी, क्रश्ड कोरल (प्रवाळाचा भरडा) टाकावं की तळ मोकळाच ठेवावा?

चार बाय दीड फुटांची समुद्री पाण्याची टाकी, सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ), थोडे एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कठीण प्रवाळ), क्लाउन माशांची जोडी आणि पुढेमागे तळाच्या वाळूत राहणारा एखादा गोबी मासा, असा तुमचा बेत आहे. शेवटी तुम्ही लिहिलंय, 'मित्र म्हणतो पाच-सहा इंच वाळू टाक, नायट्रेटचं बघायलाच नको. अलिबागची वाळू धुऊन वापरली तर चालेल का?' एरवी मी पुढे गेलो असतो, पण तुमच्या मित्राच्या या वाक्यावर थांबलो. नायट्रेट म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठत जाणारा क्षार. हेच वाक्य मला माझ्या साडूंनी ऐकवलं होतं.

उत्तर आधी सांगून टाकतो. कोरडी अ‍ॅरागोनाइट वाळू (शिंपल्या-प्रवाळातल्या चुन्याची), दाणा एक ते दोन मिलिमीटर, थर फार तर दीड इंच. अलिबागची वाळू आणू नका.

आता साडूंचं. त्यांनी माझ्याआधी दोन वर्षं रीफ टँक केला, त्यामुळे मासे या विषयात सासरी त्यांचाच शब्द चालायचा. मी ठाण्यात टाकी लावली तेव्हा ते स्वतः फूटपट्टी घेऊन आले आणि पाच इंच मोजून वाळू भरून घेतली. बारीक, साखरेसारखी. जवळजवळ शंभर किलो. वरच्या थरात ऑक्सिजन, खाली नाही, खालचे बॅक्टेरिया नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेतात आणि नायट्रोजनचे बुडबुडे वर येतात, हे सगळं त्यांनी चहा पिताना समजावलं. त्यातलं काहीही खोटं नव्हतं. तीन वर्षं माझं नायट्रेट पाचच्या वर गेलं नाही, हेही कबूल करतो.

त्या टाकीत पिवळा वॉचमन गोबी आणि पिस्टल श्रिंप (नांगीने 'टक्क' आवाज काढणारी कोलंबी) अशी जोडी होती. कोलंबीला दिसतं कमी, म्हणून ती एक मिशी सतत गोबीच्या अंगाला लावून ठेवते. गोबीने शेपूट हलवली की कोलंबी आत. दिवसभर ती बिळातून वाळू ढकलत बाहेर आणायची, अगदी बुलडोझरसारखी, आणि शिंपल्याचा एखादा तुकडा मिळाला की तो उचलून दाराशी टेकवायची. रात्री हॉलमधून 'टक्क' आवाज यायचा. पाहुणे दचकायचे, आम्ही नाही.

काचेला लागून वाळूचा उभा छेद दिसायचा. वर पांढरी, मध्ये तपकिरी आणि तळाशी शिसपेन्सिल घासल्यासारखे काळे डाग. मी साडूंना ते दाखवलं. ते म्हणाले, 'तेच तर काम करतंय!'

मग आम्ही डोंबिवलीला घर घेतलं. मे महिना. मी म्हटलं, वाळू काढून टाकतो, नवी घेतो. साडू भडकले. तीन वर्षांचे बॅक्टेरिया फेकून देणार? पाणी उपसा, वाळूवर चार बोटं पाणी ठेवा आणि टाकी तशीच टेम्पोत चढवा. चार हमालांनी टाकी उचलून पाहिली आणि खाली ठेवली. जादा पैसे कबूल केले तेव्हा कुठे ती जिना उतरली. मुंब्रा, शिळफाटा करत टेम्पो निघाला. त्या रस्त्याचे खड्डे माहीत असतील तर पुढचं सांगायला नको. काच फुटली नाही, पण डोंबिवलीत उतरवली तेव्हा वाळूचे थर राहिलेच नव्हते. सगळी करडी पेज. त्यावर जुनं-नवं पाणी ओतलं, वेव्हमेकर (पाणी ढवळणारे पंप) लावले आणि खोलीभर सडक्या अंड्यांचा वास पसरला. साडू म्हणाले, 'बसेल.' बादल्यांतले मासे आणि कोरल आम्ही रात्री नऊला आत सोडले.

पहाटे चारला मला जाग आली ती पंप कुरकुरत होता म्हणून. क्लाउनची जोडी तळाशी आडवी पडली होती. गोबी वेव्हमेकरच्या जाळीला चिकटलेला. अमोनिया तपासायच्या नळीतलं पाणी पिवळं असायला हवं, ते गर्द हिरवं झालं. समुद्राच्या पाण्याचा पीएच मुळात आठच्या वर, त्यात अमोनिया जास्तच विषारी. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांच्या वासाचा तो विषारी वायू, किती होतं ते मोजायला माझ्याकडे किट नव्हतं, नाक होतं. कोलंबी चौथ्या दिवशी वाळू उपसताना सापडली, शिंपल्याच्या तुकड्याजवळ.

म्हणून म्हणतो, जाड थर हा फिल्टर नाही, तळाशी साठवलेली उधारी आहे. तुम्ही भाड्याच्या घरात असाल तर विचारसुद्धा करू नका. नायट्रेटसाठी स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) घ्या, बॅक्टेरिया राहतील असे सच्छिद्र दगड घ्या, पाणी बदला. वाळू गोबीसाठी आणि डोळ्यांसाठी असते.

तुमच्या टाकीत एक इंचाला साधारण वीस किलो लागेल. साखरेसारखी बारीक वाळू घेऊ नका, चांगला वेव्हमेकर लावला की ती कोरलवर जाऊन बसते. क्रश्ड कोरलचे खडे मोठे, मधल्या फटींत खाणं अडकून कुजतं, दर आठवड्याला सायफन लावलात तरच ते ठीक. शिवाय इथल्या समुद्रातला प्रवाळ उचलणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये तो २००१ पासून आहे. कोणी 'आपल्याच किनाऱ्याचं कोरल' म्हणून सुटं विकत असेल तर दुकानातून बाहेर पडा. अ‍ॅरागोनाइट पीएच धरून ठेवतं म्हणतात, तेही सोडून द्या. रीफच्या पीएचला ते जवळपास विरघळतच नाही. अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) तुम्हालाच डोस करावी लागणार.

अलिबागबद्दल. एक लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आपल्या कोकणातल्या वाळूवर फिरवा, काळे कण चिकटून वर येतील. ते लोहयुक्त खनिज, बेसॉल्टमधून आलेलं, टाकीत नको. रत्नागिरीच्या मिऱ्या, काळबादेवीकडे तर ते ढिगाने आहे. त्यात पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्याला डांबराच्या गोळ्या लागतात. तेल धुऊन जात नाही. व्हिनेगर टाकून पाहा म्हणतात, फेस आला की चांगली. पण वाळूत शिंपल्यांचा चुरा असला तरी फेस येतो, त्यावरून काही ठरत नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. नुसतं एसपीएस (छोट्या पॉलिपचे कठीण प्रवाळ) ठेवणार असाल, पाण्याला जबरदस्त जोर देणार असाल, तर तळ मोकळाच बरा, साफसफाई सोपी. तो वर्षभरात कोरलाइनने (कडक जांभळ्या शेवाळाने) जांभळा होतो आणि वाईट दिसत नाही. पण मग गोबी विसरा, आणि वाळूत पुरून झोपणारे रास्स मासेही. नवी वाळू टाकल्यावर काही आठवडे तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) येतात, घाबरून औषध ओतू नका. आणि जाड थर न हलवता वर्षानुवर्षं चालवणारे लोक आहेत, त्यांचं चुकतंय असं माझं म्हणणं नाही. हलवायची वेळ आली की मात्र मासे आणि दगड वेगळे काढा आणि वाळू फेकून द्या. बॅक्टेरिया दगडांवर भरपूर असतात. त्या दिवशी मीही नाही म्हणू शकलो असतो, टाकी माझी होती.

साडूंचं मत अजून बदललेलं नाही. परवा बारशात पुन्हा विषय निघाला तेव्हा चार लोकांसमोर म्हणाले, 'वाळूचं काही नव्हतं हो, यांचा हीटर बिघडला होता, पाणी उकळलं.' डोंबिवलीत, मे महिन्यात हीटर! तो त्या दिवशी सुतळी बांधलेल्या खोक्यात होता, आणि ते खोकं माळ्यावर साडूंनीच चढवलं होतं.