मांजर सुनेवर राग काढतंय का?

“मनी आमच्या सुनेवर राग काढते. तिच्याच गादीवर शू करते. काल तर मलाही चावली. काहीतरी उपाय सांगा, नाहीतर तिला कुठेतरी सोडून यावं लागेल.”

डोंबिवलीच्या एका काकूंचा हा फोन. प्राण्यांच्या वर्तनाविषयी समुपदेशन करताना अशा अर्थाचे फोन मला नेहमी येतात. कुठे सुनेच्या जागी नवं बाळ असतं, कुठे शिकायला बाहेरगावी गेलेली मुलगी, कुठे घरात आणलेलं दुसरं पिल्लू. मांजर अचानक बदललं आणि त्याच सुमारास घरात काही घडलेलं असलं, की लोक दोन्हींची सांगड घालतात आणि मांजराच्या मनात राग, सूड, मत्सर दिसायला लागतो. या घराची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते.

मनी पाच वर्षांची, नसबंदी झालेली, पहिल्यापासून घरातच वाढलेली. घर वन बीएचके. मुलाचं लग्न झालं, बेडरूम नव्या जोडप्याला दिली, काका-काकू हॉलमध्ये झोपायला लागले. थोड्याच दिवसांत मनीने बेडरूममधल्या गादीवर शू केली. चादर बदलली, तिने पुन्हा केली. मग कोपऱ्यात घडी करून ठेवलेल्या सुनेच्या साड्यांवर. एरवी काकूंच्या मांडीवरून न हलणारी मनी पलंगाखाली बसून राहू लागली. एकदा काकूंनी पोटाखाली हात घालून तिला उचललं, तर तिने मनगटाला कडकडून चावा घेतला.

मी आधी चाव्याची चौकशी केली. साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुतलं का, डॉक्टरांना दाखवलं का? मांजराच्या चाव्याची जखम वरून एवढीशी दिसते, पण दात खोल जातात आणि आत पू धरतो. शिवाय रेबीजचा विचार करावाच लागतो. मनीची लस वेळच्या वेळी झालेली होती, तरी इंजेक्शन घ्यायचं की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. दुसरी गोष्ट सांगितली ती ही, की मनीला लगेच पशुवैद्यांकडे न्या आणि लघवी तपासून घ्या.

“अहो, आजारी नाही ती. जेवते व्यवस्थित. हे रागाचंच आहे,” काकू म्हणाल्या.

मी घरी गेले तेव्हा सून चहा ठेवून आत निघाली होती, तिला मुद्दाम बसवून घेतलं. रोज सकाळी ऑफिसची लोकल पकडण्याआधी ती गादी घासत होती, फिनाईल टाकत होती. त्यावर ऐकत होती, की मुक्या जिवाला माणूस बरोबर कळतो. शेजारच्या बाईंनी तर पायगुणाचा विषय काढला होता. नव्या घरात रुळू पाहणाऱ्या मुलीला एका मांजराच्या तोंडून नापास ठरवलं जात होतं, आणि मांजराशी वाद घालता येत नसल्याने तिला उत्तरही देता येत नव्हतं. अशा घरी माझं निम्मं काम मांजराचं आणि निम्मं या मुलीचं असतं, आणि दुसरं जास्त तातडीचं असतं असं माझं ठाम मत आहे.

मी ट्रेची, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी खडे घालून ठेवतात त्या तबकाची, जागा विचारली. आधी तो बेडरूमच्या कोपऱ्यात असायचा. तिथे लग्नातलं कपाट आलं, म्हणून ट्रे ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनला खेटून ठेवला होता. मी बघत होते तेव्हा मशीन चालूच होतं. मनी आली, ट्रेमध्ये उतरली, खडे उकरले, बसली. उठली. दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा बसली. पुन्हा उठली. तेवढ्यात मशीनने स्पिन घेतला आणि ती ट्रेबाहेर उडी मारून, पोट जमिनीला टेकवत पळाली. एवढ्या खटाटोपातून पांढऱ्या खड्यांत रुपयाएवढा एकच गोळा झाला होता. त्याची कड गुलाबी होती.

सुनेने वाकून पाहिलं आणि म्हणाली, “गादीवरही असेच बारीक डाग असतात. मला वाटलं, माझ्या लाल साडीचा रंग गेला.”

दुसऱ्या दिवशी मनी दवाखान्यात गेली. लघवीत रक्त होतं, जंतू नव्हते, सोनोग्राफीत मूतखडा दिसला नाही. पशुवैद्यांनी निदान केलं इडिओपॅथिक सिस्टायटिसचं, म्हणजे ठोस कारण सापडत नाही अशी मूत्राशयाची सूज. दहा वर्षांखालच्या मांजरांच्या लघवीच्या तक्रारींत हेच सगळ्यात जास्त आढळतं. घरातच राहणाऱ्या, अंगाने भरलेल्या, कोरडं खाणं खाणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या मांजरांना ते जास्त होतं. लघवी करताना दुखतं, सारखी भावना होते, येते थेंबभर. पोटाखाली हात घातला की कळ येते. मनीच्या चाव्याचं कारण तेच होतं.

या आजाराचा आणि ताणाचा संबंध जवळचा आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे टोनी बफिंग्टन यांनी त्यावर अनेक वर्षं काम केलं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गटाच्या एका अभ्यासात हा आजार असलेली 20 आणि निरोगी 12 मांजरं होती. खाणं देणारं माणूस बदललं, वेळापत्रक बिघडलं, की निरोगी मांजरंही कमी खायची, ओकायची, ट्रेबाहेर घाण करायची. त्यामुळे लग्नाशी संबंध आहे, हे काकूंचं निरीक्षण खरंच होतं. पाहुण्यांची ये-जा, हललेलं सामान, बंद राहणारं दार, जागेवरून गेलेला ट्रे हे सगळं मनीच्या मूत्राशयाला भोवलं. त्यात सुनेविषयीचं मत शोधायला जागाच नव्हती.

गादीच का, हे मात्र काकूंना पटेना. मी त्यांना कपाटाजवळ नेलं. साड्या ठेवल्या होत्या तो कोपरा म्हणजे मनीच्या ट्रेची जुनी जागा, आणि गादी तिथून हातभर अंतरावर. नव्या ट्रेमध्ये दुखतंही आणि वर मशीन गरगरतं, म्हणून ती आपल्या ओळखीच्या कोपऱ्याकडे जात होती. तिथे मऊ, ओल शोषून घेणारं काही मिळालं तर बरंच. काकू बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, “मला हे आधी कळायला हवं होतं गं.” मी तेवढ्यावर थांबवलं नाही. तिच्याविषयी जे जे बोललं गेलं होतं ते सगळ्यांदेखत मागे घ्या, असं सुचवलं आणि त्यांनी ते घेतलं.

औषध पशुवैद्यांनी दिलं, वेदना कमी करण्याचं. माणसांची गोळी मांजराला चुकूनही देऊ नका, पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. फिनाईल बंद केलं, कारण त्यातली रसायनं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि लघवीचा वास खरा जातो तो एन्झाइमवाल्या क्लीनरने. काका मनीचं नाक गादीवर घासायचे आणि चप्पल उगारायचे, तेही बंद. त्याने मांजर काहीच शिकत नाही, नुसतं धास्तावतं, आणि हा आजार धास्तीनेच वाढतो. एक ट्रे बेडरूममध्ये परत आला, त्यासाठी चपलांचं कपाट बाहेर काढायचं सुनेनेच सुचवलं. दुसरा हॉलमध्ये, कारण जेवढी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त असावा. कोरड्या खाण्याबरोबर चिकन उकडलेलं पाणी सुरू झालं. त्यात मीठ, कांदा, लसूण नाही. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. सुनेला एवढंच सांगितलं, की मनीला जवळ घ्यायला जाऊ नकोस, संध्याकाळचं खाणं तू दे आणि शेजारी आपलं काम करत बस.

अशा सुजेचा जोर बहुतेकदा आठवड्याभरात ओसरतो, तसा तो ओसरला. गादी कोरडी राहू लागली. शेजारच्या बाईंनी पुन्हा पायगुण काढला तेव्हा काकूंनी दारातच त्यांना लघवीचा रिपोर्ट वाचून दाखवला, असं सुनेने नंतर सांगितलं. आजार उलटू शकतो याची कल्पना मी दिलेली होती. गणपतीत ढोल-ताशे आणि पाहुणे सुरू झाले तसं मनी पुन्हा ट्रेच्या फेऱ्या मारू लागली. या वेळी घरात कुणी कुणाचं नाव घेतलं नाही, दवाखान्यात नेलं.

सगळ्या मांजरांचं कारण हेच असेल असं नाही. दहा-बारा वर्षांचं मांजर रात्री ओरडायला लागलं, खूप खाऊनही वाळलं, तर थायरॉइड आणि मूत्रपिंड तपासावं. उडी मारायचं सोडलं, ट्रेच्या उंच कडेवरून चढेना, तर सांधे बघावेत. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासले होते, त्यांत 90 जणांच्या सांध्यांत झीज निघाली, आणि ‘म्हातारं झालंय, चिडचिड करतं’ म्हणून ती आपण सोडून देतो. खाण्याजवळ येऊन मागे सरकणारं मांजर तोंड उघडून बघावं, दात किंवा हिरड्या दुखत असू शकतात.

बोक्याच्या बाबतीत मात्र थांबायला वेळच नसतो. त्याची मूत्रनलिका अरुंद असते आणि ती पूर्ण बंद होऊ शकते. बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कण्हतो, मागचा भाग चाटत राहतो आणि लघवी थेंबभरही होत नाही. घरच्यांना वाटतं पोट साफ होत नाहीये, मग तेल किंवा दूध पाजत दिवस जातो. नलिका बंद राहिली तर एक-दोन दिवसांत जीव जातो, म्हणून त्याच तासाला, मध्यरात्र असली तरी, उघडा असेल तो दवाखाना गाठायचा.