अहिल्या या नावाचा अर्थ काय? मुलीला ठेवावं का?

घरचे ‘शापित बाईचं नाव नको’ म्हणताहेत, म्हणून तुम्ही अर्थाबरोबर त्याच धर्तीचं दुसरं नावही विचारलंय. दुसरं नाव मी सुचवणार नाही. माझ्या मुलीचं नाव अहिल्या आहे.

मूळ संस्कृत रूप अहल्या. रामायणाच्या उत्तरकांडात ब्रह्मदेव स्वतःच फोड सांगतो: हल म्हणजे कुरूपता, ती जिच्यात नावालाही नाही ती अहल्या. हल म्हणजे नांगर धरून ‘न नांगरलेली भूमी’ असाही अर्थ लावतात. मराठीत तोंडी रुळलं ते अहिल्या.

आता शापाचं. आमच्याकडे बारशाला नवऱ्याने ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहिलं. ‘ल्या’ पुरा होतोय तोच चुलत सासूबाईंनी तांदळावरून हात फिरवला. “शिळा होऊन पडलेल्या बाईचं नाव पोरीला देता?” पाळण्याभोवतीच्या बायका गप्प. नाव मी निवडलं होतं, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी ताट ओढून घेतलं आणि पुन्हा लिहिलं. नणंदेने बाळाच्या कानात कुर्र करून तेच नाव सांगितलं. चुलत सासूबाई न जेवता गेल्या.

वाल्मीकींच्या बालकांडात अहल्या शिळा होतच नाही. शापामुळे ती कुणाला न दिसता, वारा भक्षून, राखेत पडून तप करत राहते. राम-लक्ष्मण आश्रमात येतात तेव्हा तेच तिचे पाय धरतात. हे मला त्या दिवशी ठाऊक असतं तर तिथेच म्हणून दाखवलं असतं.

आणि आपल्याकडे हे नाव कानावर पडलं की आधी आठवतात त्या चौंडीला १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात नवरा गेला, सासऱ्यांनी सती जाऊ दिलं नाही. पुढे सासरे गेले, पाठोपाठ मुलगा गेला, तरी १७९५ पर्यंत महेश्वरातून राज्य चालवलं. आमच्या चुलत सासूबाई काशीयात्रा करून आल्यात. विश्वेश्वराचं ज्या देवळात दर्शन घेतलं ते अहिल्याबाईंनीच बांधलेलं. नाव अशुभ आणि देऊळ पवित्र, हे कसं जमतं?

शिळेची कथाही पुराणांतलीच आहे, ती कुणी कालपरवा रचलेली नाही. शिवाय वाल्मीकींची अहल्या इंद्राला ओळखूनही होकार देते. घरात कुणी वाचलेलं असेल तर तेही काढतील. काढू द्या. सकाळी पंचकन्यांचा श्लोक म्हणणाऱ्यांना फक्त विचारा, त्यात पहिलं नाव कुणाचं?

अक्षर बघतच असाल तर ‘अ’ कृत्तिकेच्या पहिल्या चरणाला येतो, म्हणजे मेष रास. जन्मदाखल्यावर अहल्या की अहिल्या हे आधी ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा. मी अहिल्या लिहिलं.