बाळकैरीला आंबा म्हणायचं का?

प्रिय सोनू,

परवा शाळेतून येताना गाडीत तू विचारलंस आणि मी "घरी गेल्यावर बोलू" म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर पोळ्या, मग तुझा कमोगीचा, त्या हॉकीसारख्या आयरिश खेळाचा, सराव, मग तू झोपलीस. म्हणून लिहितेय. मराठीतच लिहितेय, अडलं तर बाबांना विचार.

तुझा प्रश्न होता, माणूस नक्की कधीपासून माणूस? गुरुवारी वर्गात त्यावर चर्चा आहे. तुझी एक मैत्रीण म्हणते, गर्भ राहिला त्या क्षणापासून. दुसरी म्हणते, जन्मल्यावर. आणि तू मला विचारलंस, "आपल्यात कधीपासून धरतात? मावशीचं एवढं डोहाळजेवण केलं, मग आजीने पाळणा का आणू दिला नाही?"

पाळण्याचं आधी सांगते, ते सोपं आहे. डिसेंबरात साताऱ्याला तू पाहिलंस ना, मावशीला हिरवी साडी, हिरवा चुडा, अंगावर फुलांची वाडी, झोपाळ्याच्या कड्यांना झेंडूच्या माळा. गल्लीतल्या सगळ्या बायका ओटी भरून गेल्या. आणि काकांनी मोबाइलवर पाळणा दाखवला तशी आजी कडाडली, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! आधी बाळंतीण सुखरूप सुटू दे." दुपटीसुद्धा नवी नाहीत, तिच्या जुन्या सुती साड्या फाडून शिवलेली. कारण सरळ आहे. तुझी पणजी मुलांचा हिशेब सांगायची, "मला नऊ झाली, पाच राहिली. पोटं पडली ती वेगळी." ज्या घरात नवातली चार गेली, तिथे रिकामा पाळणा आधी आणून कोण ठेवेल? डोहाळजेवण बाळाचं नसतंच मुळी, ते आईचं असतं. तिला काय खावंसं वाटतं ते करून घालायचं, कारण पुढच्या दोन महिन्यांत ती राहील की नाही हेही धरून चालता येत नसे.

आता अवघड भाग. "आपल्यात कधीपासून?"

मावशीची बातमी आजीने फोनवर सांगितली ती अशी: "तिला दिवस गेलेत." बघ, यात बाळ कुठेच नाही. नुसते चुकलेले दिवस. आणि लगेच पुढचं वाक्य, "आता दोन जिवांची आहे, जिना चढउतार कमी कर म्हणावं." एका दमात दोन हिशेब, आणि आजीला त्यात काही विसंगत वाटलं नाही.

पोथ्यांत तरी एकवाक्यता असेल म्हणावं, तर तिथेही नाही. चरकसंहिता म्हणते, शुक्र (बापाचं बीज), शोणित (आईचं रक्त) आणि जीव कुशीत एकत्र आले की त्याला गर्भ म्हणायचं. म्हणजे पहिल्या दिवसापासून जीव आहे. गर्भोपनिषद म्हणतं, जीव येतो सातव्या महिन्यात. सुश्रुत म्हणतो, चौथ्या महिन्यात हृदय उमटतं, म्हणून आईला तेव्हा दोन हृदयं असतात आणि तिच्या इच्छा मारू नयेत. डोहाळे हा शब्द या "दोन हृदयां"च्याच घराण्यातला मानतात. मनुस्मृती तर चक्क वाटे करते: गर्भ पडला तर जितक्या महिन्यांचा, तितक्या रात्री अशौच, म्हणजे सुतक. दोन महिन्यांचा असेल तर दोन रात्री, चारचा असेल तर चार. म्हणजे काहीच नव्हतं असं नाही, आणि पुरं माणूस गेलं असंही नाही. (हे सगळं पुरुषांनी लिहिलेलं. चुलीपाशी बसलेल्या बाया काय म्हणत, ते कुणी लिहून ठेवलं नाही.)

मला त्यातलं सगळ्यांत आवडतं ते सुश्रुतातलं भांडण. पोटात आधी काय तयार होतं? एक ऋषी म्हणतो डोकं, दुसरा म्हणतो हृदय, तिसरा नाभी, चौथा हातपाय, पाचवा धड. प्रत्येकाकडे कारण आहे. शेवटी धन्वंतरी म्हणतो, सगळं एकदमच होतं, पण इतकं बारीक की दिसत नाही. आणि दाखला देतो आंब्याचा. पिकलेल्या आंब्यात गर, रेषा, कोय वेगळी दिसतात. कोवळ्या फळात ती असतात, पण वेगळी काढून दाखवता येत नाहीत.

तुझी पहिली मैत्रीण हे ऐकून म्हणेल, बघ, मी तेच म्हणत होते, सगळं आधीपासून आहे! तिचं चूक नाही. पण आपल्या भाषेत त्याच फळाला मोहोर, बाळकैरी, कैरी, पाडाचा आंबा, आंबा अशी नावं आहेत, आणि बाळकैरीला कुणी आंबा म्हणून विकत नाही. विकलं तर आजी भर बाजारात भांडेल. तरी वादळात बाळकैऱ्या झडल्या की तीच आजी हळहळते. "यंदाचा आंबा गेला," म्हणते. तेव्हा मात्र आंबाच म्हणते. मी या वाक्याशी अडकून पडले आहे, पुढे जात नाही.

आता तू जिथे वाढतेस तिथलं. आयर्लंडने हा प्रश्न राज्यघटनेत घालून पाहिला. 1983 साली मतदान झालं, जवळजवळ 67 टक्के लोकांनी हो म्हटलं, आणि न जन्मलेल्याला आईच्या बरोबरीने जगण्याचा हक्क मिळाला. इंग्रजी मजकुरात नुसतंच "न जन्मलेला". तुझ्या आयरिशच्या बाईंना घटनेतले शब्द विचार, त्या सांगतील: ना म्यो गान ब्रेह. जन्माशिवाय जिवंत असलेले. आयरिश भाषेने तिथे पक्षच घेऊन टाकला! तरी "कधीपासून" हे कुणी लिहिलं नाही. मग एका जोडप्याचे तीन गोठवलेले भ्रूण आणि त्यांचं फाटलेलं लग्न कोर्टापुढे आलं. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शीतपेटीतला भ्रूण हा घटनेतला "न जन्मलेला" नव्हे, आधी तो गर्भाशयात रुजायला हवा. जीव कधी सुरू होतो ते सांगणं आमचं काम नाही, असंही न्यायमूर्तींचं म्हणणं होतं. शहाणी माणसं.

सविता हलप्पनवारचं नाव तू ऐकलं आहेस. डेंटिस्ट, 31 वर्षांची, आपल्या बेळगावची. 2012 च्या ऑक्टोबरात इथे गॉलवेलाच तिला सतराव्या आठवड्यात गर्भ पडायला लागला म्हणून ती दवाखान्यात गेली. बाळ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं. तिने मागणी केली, मोकळं करा. नाही म्हणाले, कारण बाळाच्या हृदयाचे ठोके चालू होते. ते थांबेपर्यंत तिच्या रक्तात विष पसरलं होतं. 28 तारखेला ती गेली.

मी तेव्हा सहाव्या महिन्यात होते. तू लाथा मारायचीस. नोव्हेंबरात बातमी बाहेर आली त्या रात्री बाबांनी माझ्या फाइलमधला प्रत्येक कागद वाचून काढला, जणू त्यात कुठे काही लिहिलेलं सापडणार होतं. दोन जिवांची म्हणतात ना, त्यातला पहिला जीव कुणाचा, हे मला त्या रात्री कळलं. 2018 च्या मे महिन्यात पुन्हा मतदान झालं, 66 टक्क्यांहून जास्त लोकांनी ते कलम काढून टाकलं. पस्तीस वर्षांत तोच देश, जवळजवळ तोच आकडा, उलट बाजूला. आम्हाला तेव्हा इथलं नागरिकत्व नव्हतं, मत नव्हतं. डब्लिनला भिंतीवर सविताचं चित्र काढलं होतं, लोक त्यावर चिठ्ठ्या चिकटवत होते. तुला कडेवर घेऊन मी एक चिकटवली. काय लिहिलं ते सांगणार नाही.

आपल्याकडचं सगळं छान, असं मात्र वर्गात सांगू नकोस. मावशीला दोन झाकलेल्या वाट्यांतली एक उचलायला लावली, आठवतं? पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सगळे हसत होते. पण सोनोग्राफीच्या दवाखान्याबाहेरची पाटी तूच मोठ्याने वाचलीस: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. ती पाटी का लागते? 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894. बीड जिल्ह्यात 807. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा आपल्याच राज्याने 1988 मध्ये केला, आणि तो करावा लागला हेही आपलंच. ज्या घरांत "जीव कधी येतो" हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं, तिथे "मुलगी आहे का" एवढंच विचारत होते.

जन्मल्यावरसुद्धा आपण लगेच पावती फाडत नाही. पाचव्या रात्री सटवाई कपाळावर लिहायला येते म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवायचं. बाराव्या दिवशी नाव. तोवर तू नुसती "बाळ" होतीस, दवाखान्यात मनगटाला बांधलेल्या पट्टीवरही तुझं नाव नव्हतं, माझंच आडनाव होतं. ती पट्टी बिस्किटांच्या डब्यात आहे, बघायची असेल तर. बारशाला गॉलवेत वरवंटा कुठून आणणार? खलबत्त्यातला बत्ता धुऊन, झबलं घालून आधी तोच पाळण्याखालून वरून फिरवला. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या." घेणाऱ्या मावशीच्या हातून तो सटकून लाकडी जमिनीवर पडला, त्याची खोक अजून गालिच्याखाली आहे. आत्या भारतात, म्हणून शेजारची काकू आत्या झाली. तिने कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं आणि पाठीत धपाटे खाल्ले.

आणि जी नाव मिळण्याआधीच जातात? आपल्यात तान्ह्या मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. गेल्या उन्हाळ्यात कॉनेमाराला पाहिलेलं ते गवतातलं दगडांचं कुंपण आठव. तू विचारलंस, हे छोटे पांढरे दगड कुणाचे? ते किलीन होतं. बाप्तिस्मा न झालेल्या बाळांना चर्चच्या जमिनीत जागा नसे, म्हणून बाप रात्री तिथे नेऊन पुरायचे. दगडावर नाव नाही, कारण नाव ठेवलेलंच नव्हतं. पण दगड ठेवलाय. कुणी तरी वाकून, निवडून पांढराच आणून ठेवलाय.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. तुझ्याआधी एकदा मला दिवस गेले होते. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही म्हणून आम्ही सांगितलं नव्हतं, आणि दहाव्या आठवड्यात पोट पडलं. इथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं, पाच-सातांत एखादीचं असं होतंच, सोमवारपासून कामावर जायला हरकत नाही. आजीला कळवलं तर ती म्हणाली, "हेही बाळंतपणच. पाण्यात हात घालू नकोस." आणि डिंकाचे लाडू पाठवले. लाडू यायला तीन आठवडे लागले, तोवर मी कामावर जायला लागले होते, ऑफिसात लपवून खायचे. पुढे तुझ्या वेळी नर्सने फॉर्म भरताना विचारलं, पहिलंच ना? मी म्हटलं, दुसरं. बाबांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. त्याआधी आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललो नव्हतो.

हे वर्गात सांगायचं नाही, हे आपल्यात. आंब्याचं सांग हवं तर. इंडियन दुकानात कैऱ्या आल्यात. वेगवेगळ्या आकाराच्या तीन-चार आण आणि माझ्यासमोर उभ्या चीर. बारकीत सुरी सरळ खाली जाईल. मोठीत मध्येच अडेल, तिथे कोय धरलेली असते. सगळ्यांत मधली निवडून ठेव, तिच्यात नक्की सांगता येत नाही.

तुझी,
आई