गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर मिळालेलं लाकूड दोन फुटी फिशटँकमध्ये घालण्याआधी किती वेळ उकळायचं?

तासभर उकळा नाहीतर चार तास, उकळून मीठही पूर्ण जात नाही आणि चीकही पूर्ण जात नाही. पृष्ठभागावरची बुरशी, किडे, अंडी मरतात आणि आतली हवा निघून लाकूड लवकर बुडतं, एवढंच उकळण्याचं काम. तरी आकडा हवाच असेल तर मनगटाएवढ्या जाडीला दोन तास. मग गॅस बंद करून ते त्याच पाण्यात रात्रभर निवू द्या. निवताना लाकूड पाणी आत ओढतं. गरम असतानाच बाहेर काढलंत तर पुन्हा हवा भरते आणि लाकूड तरंगत बसतं. टोप ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा घ्या. न्हाणीतलं तांब्याचं भाण मापाला अगदी बरोबर बसतं, पण त्यात नको. तांबं पाण्यात उतरतं आणि कोळंबी, गोगलगायी मरतात.

आता मुद्द्याचं. मला एका दुकानदाराने ठासून सांगितलं होतं की गोव्याचं लाकूड टँकमध्ये कुजतंच, बाहेरून आलेलं घ्या. ते ऐकून अजून डोकं फिरतं. कुजतं ते ओलं लाकूड, मग ते कुठलंही असो.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आमच्या परसातला पेरू आडवा झाला. त्याच्या एकाच फांदीचे दोन तुकडे केले. पहिला साल सोलून, दोन तास उकळून आठवड्याभरात टँकमध्ये. तिसऱ्या दिवशी त्यावर पांढरा बुळबुळीत थर आला. तो बहुतेक नव्या लाकडांवर येतो, पण हा बोटभर जाड झाला. दहाव्या दिवशी पाणी ताकासारखं, आणि सकाळी मासे वर येऊन तोंड उघडत होते. कारण सरळ आहे. ओल्या फांदीतल्या सालीखालच्या थरात साखर असते, ती जंतू खातात आणि रात्रभरात पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. तुकडा बाहेर काढला, निम्मं पाणी बदललं, दोन दिवसांत सगळं ठीक.

दुसरा तुकडा ओला असताना किचनच्या काट्यावर १,२४० ग्रॅम भरला. पावसाळ्यात माळ्यावर तो काही सुकला नाही, उलट टोकाला बुरशी धरली. ऑक्टोबरनंतर झपाट्याने उतरला आणि एप्रिलमध्ये ७९० वर थांबला. महिन्यातून एकदा वजन करायचं, दोनदा तेच आलं की लाकूड तयार. हा तुकडा आजही टँकमध्ये आहे. झाड तेच, पाणी तेच, फरक फक्त सुकवण्याचा.

म्हणून पेरू घ्या, जांभूळ घ्या. कठीण असतात, फांद्यांना वळणं असतात. काजू, आंबा, फणस, चिकू नको, चीक आणि राळ फार. कण्हेर तर नावही काढू नका. माडाचा तुकडा आतून तंतू सुटून भुसा होतो.

आता तुमचं मोरजीचं लाकूड. तिथे लागणारं बरंचसं शापोरा नदीतून, म्हणजे थेट वरच्या तिलारी नदीपासून वाहत येतं. झाड कुठलं ते ओळखू येणार नाही. नख दाबून बघा, रुतलं तर टाकून द्या. पेन्सिल जाईल एवढी भोकं असतील आणि आतून पांढरं अस्तर असेल तर त्यावर व्हिनेगरचा थेंब सोडा. फेस आला तर तो लाकूड पोखरणाऱ्या शिंपल्याने केलेला चुना. तो पाण्याची कठीणता वाढवत राहतो.

मीठ काढायला आपल्याकडे फुकटचं साधन आहे, पाऊस. जून ते सप्टेंबर लाकूड पागोळ्यांखाली ठेवा, मध्ये मध्ये फिरवा. नंतर बादलीभर नळाच्या पाण्यात तीन दिवस बुडवून टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवणारं यंत्र) लावा. नुसत्या पाण्यापेक्षा आकडा २०-३० ने जास्त असेल तर तो बहुधा लाकडाच्या रंगाचा. शंभरने वाढला तर अजून मीठ आहे.

पाणी चहासारखं होईल, ते टॅनिन, लाकडातून सुटणारं तुरट द्रव्य. माशांना त्रास नाही, काही जण तर त्यासाठी मुद्दाम देशी बदामाची पानं घालतात. पण विहिरीचं पाणी वापरत असाल तर जपून. जांभ्या दगडातलं पाणी मृदू आणि थोडं आम्ल असतं, त्यात टॅनिन पडलं की पीएच घसरतो. तिसऱ्या खाऊन उरलेल्या शिंपल्या उकळून, ठेचून मूठभर फिल्टरमध्ये टाका. पाणी आम्ल होईल तशा त्या विरघळतात.

बसवताना लाकूड दोन काचांमध्ये ठोकून बसवू नका. भिजलं की आडवं फुगतं आणि काच तडकते. दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडा. तरंगत असेल तर किचन प्लॅटफॉर्मवाल्याकडून ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा आणा, भोक पाडून खालून स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने आवळा. लोखंडी खिळा गंजतो. कडप्पा घेतलात तर तो चुनखडीचा, पीएच वर नेतो. वर जावा फर्न किंवा अनुबियास ही पाण्यातली झाडं सुपरग्लूने चिकटवा, त्यांचं जाड आडवं खोड वाळूत पुरू नका.

पांढऱ्या थराची भीती नको. टूथब्रशने घासून नळीने ओढा, तीन-चार आठवड्यांत थांबतो. काळा डाग पडून कुजक्या अंड्यासारखा वास आला तर मात्र त्याच दिवशी लाकूड बाहेर.

आणि हो, अभयारण्यातून सुकलेली काटकीही आणायची नाही, खारफुटीलाही हात नको. तिच्यातल्या एका झाडाचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. मोरजीला कासवांच्या हंगामात त्यांच्या अंड्यांभोवतीच्या कुंपणाजवळ लाकडं शोधत फिरू नका. तुमचं लाकूड तिथलंच असेल आणि आत्ताच उचललेलं असेल, तर यंदाचा पाऊस त्याच्यावरून जाऊ द्या.