उधाणाचं पाणी खाचरात शिरलं, लावणी होईल का?

प्रश्न (गोराई-मनोरीकडचे शेतकरी): मेच्या वादळात उधाणाने बांध फोडला, भाताच्या खाचरात समुद्र शिरला, विहीर मचूळ झाली. जिप्सम टाकून लावणी करावी का? भूकंपाची लाट (त्सुनामी) आली तर काय होईल?

उत्तर: लावणी होईल, पण आधी मीठ धुवून काढा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी ओसरतं, क्षार मातीतच राहतात. ढेकळावर नख फिरवा, पांढरी पापडी सुटून येईल. ती पापडी खरवडून शेताबाहेर टाका. मग बांध दुरुस्त करा, पावसाचं पाणी वीतभर साठू द्या आणि दोन-तीन दिवसांनी ओहोटीला उघाडीतून (बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून) सोडा. असं तीन-चार वेळा करावं लागेल. भरतीला उघाडी चुकूनही उघडी ठेवू नका, पाणी बाहेर जाणार नाही, उलट समुद्र आत शिरेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही भरतीमुळे पाण्याला समुद्राकडे वाट मिळत नव्हती.

क्षार धुतले जाईपर्यंत चिखलणी नको, नाहीतर पाणी खाली झिरपत नाही. जिप्सम माती परीक्षणानंतरच. सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल तर त्याचा उपयोग, नुसत्या मिठाला धुणं हेच औषध. बियाणं पनवेल-१, २ किंवा ३ या खार सोसणाऱ्या भाताच्या जातींचं घ्या. रोपं गोड्या जमिनीत वाढवा आणि कोवळी न लावता महिन्याची झाल्यावर लावा, कोवळ्या रोपाला खार सोसत नाही.

विहिरीबद्दल कळकळीने सांगतो, मोठा पंप लावून ती उपसू नका. किनाऱ्याला गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. गोड्याची पातळी एक फूट उतरली, तर खालचं खारं सुमारे चाळीस फूट वर सरकू शकतं. थोडं थोडं उपसा, पाऊस विहिरीच्या आसपास जिरवा.

भूकंपाची लाट इथे नवी नाही. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला, त्याची लाट मुंबईपर्यंत आली होती. समुद्र अवेळी, झपाट्याने मागे गेला तर मासे, शिंपल्या गोळा करायला उतरू नका. पोराबाळांना घेऊन उंचावर जा. शेतावरचा उपाय तोच, वर सांगितलेला.

नुकसानीचे पंचनामे तलाठ्यांकडून आत्ताच करून घ्या. आणि बांधाबाहेरची तिवरं (खारफुटीची झाडं) तोडू देऊ नका, लाटेचा पहिला मार तीच झेलतात.