पिकअपमागे ट्रेलर-घर जोडावं की ट्रॅव्हलरचंच मोटरहोम करावं?

सर, तुमचा प्रश्न वाचला आणि वर्कशॉप बंद करून लगेच लिहायला बसलो. या दोन्ही गाड्या मी वापरल्या आहेत आणि पहिल्या वेळी माझी निवड चुकली होती. तुम्ही लिहिलंय की जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालात, पुसदजवळ शेतात राहता, दारात डबल कॅबिनची पिकअप उभी आहे, वहिनींना गुडघ्यांचा आणि साखरेचा त्रास आहे. दिवाळीनंतर तीन महिने दोघांनी लोणार, शेगाव, मेळघाट, ताडोबा, हेमलकसा असं फिरायचं ठरवलंय. आहे त्या पिकअपमागे ट्रेलर-घर जोडावं, की ट्रॅव्हलर, म्हणजे मिनीबससारखी गाडी, घेऊन तिच्यातच घर, म्हणजे मोटरहोम, करावं, हा प्रश्न.

तुमच्यासाठी मोटरहोम. का ते सांगतो, आणि माझं उत्तर कधी उलटं असतं तेही सांगतो.

माझं आर्वी तालुक्यात वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. वीस वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या केल्या. मागे ओढायच्या गाडीचं आपल्याला सगळं कळतं, असं मी धरून चाललो होतो, म्हणून पहिल्यांदा ट्रेलर-घरच घेतलं. पण ट्रॉली ट्रॅक्टरमागे ताशी वीस-पंचवीसनं चालते. त्या वेगात वजन मांडण्यातली चूक दिसतच नाही. तीच चूक पिकअपमागे सत्तरच्या वेगात जिवावर बेतते.

माझ्यावर ती वेळ आली तळेगाव ते कारंजा घाडगे या पट्ट्यात. नागपूरकडे चाललो होतो, एक कंटेनर जोरात ओव्हरटेक करून गेला आणि ट्रेलर मागे डावी-उजवीकडे झुलायला लागला. आरशात आधी त्याची डावी बाजू दिसायची, मग उजवी, आणि दर झोक्याला पिकअपचं मागचं टोकही त्याच्यासोबत ओढलं जायचं. अशा वेळी ब्रेक दाबायचा नसतो आणि स्टिअरिंगनं झोक्याशी भांडायचं नसतं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं. ट्रेलरला ड्रायव्हरच्या हाताशी वेगळा ब्रेक असेल तर फक्त तो हळू लावायचा. मला हे ऐकून माहीत होतं म्हणून वाचलो. गाडी कडेला घेतली तेव्हा बायकोनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ उठले होते.

घरी आल्यावर ट्रेलरचं नाक, म्हणजे पिकअपच्या मागच्या जोडणीच्या गोळ्यावर बसतं ते टोक, धान्याच्या काट्यावर ठेवलं. 38 किलो. आणि ट्रेलरचं एकूण वजन 900 किलोच्या आसपास. माझे वडील असते तर काटा न आणता त्यांनी सांगितलं असतं, बंडी उलार आहे. तुमच्याकडेही बंडी होती असणार, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. कापसाचा भार मागे गेला की जू वर उचललं जातं आणि जुपणी बैलाच्या गळ्याला आवळते. पुढे जास्त गेला तर बैलाचे खांदे सुजतात. ट्रेलरचंही अगदी तसंच आहे. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा नाकावर यायला हवा. माझं पाण्याचं पिंप आणि धान्याच्या पेट्या मागच्या भिंतीला होत्या, त्या चाकाच्या पुढे आणल्या तेव्हा काटा 95 वर आला आणि झुलणं थांबलं.

हे शिकता येतं, अवघड नाही. पण ते रोज करावं लागतं. मुक्काम हलवायचा म्हणजे गोळ्यावर ट्रेलर बसवा, लॉक लावा, दोन्ही साखळ्या खालून फुलीसारख्या घाला, दिव्यांची पिन जोडा, मग एकानं मागे उभं राहून ब्रेकलाइट लागतो का ते सांगा, पुढचं टेकू-चाक वर घ्या. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी. मागे उभं राहायचं काम वहिनींवर येणार, ओल्या गवतात, वाकून.

दुसरी अडचण मागे घेण्याची. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याला चढत होतो. ऑगस्ट महिना, समोर दहा पावलांवरचं दिसेना असं धुकं. एका वळणावर समोरून एसटी आली. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "भाऊ, तुम्हीच घ्या मागं. माह्यामागं अजून तीन गाड्या हायेत." ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं आणि जरा जास्त फिरलं की पिकअप आणि ट्रेलरची कात्री होते. उतारावर, धुक्यात माझी तशीच कात्री झाली आणि ट्रेलरचा कोपरा डोंगराच्या बाजूला घासला. रस्त्यानं चाललेल्या तीन कोरकू मुलांनी न सांगता धावत येऊन चाकांना दगड लावले, आणि एक जण मागे उभा राहून मला हातानं दाखवत राहिला. त्यांनी पैसे घेतले नाहीत. चहा तेवढा घेतला.

तुमची यादी पुन्हा बघा. लोणारला दैत्यसुदन मंदिर गावातल्या गल्ल्यांत आहे. सेमाडोह, हरिसाल म्हणजे पुन्हा घाट. हेमलकशाला आलापल्लीहून जंगलातला लांब रस्ता. या प्रत्येक ठिकाणी कधी ना कधी गाडी मागे घ्यावी लागेल. मोटरहोम मागे घेणं म्हणजे मोठी जीप मागे घेणं, ते तुम्हाला आजही जमतं.

आता ट्रेलरची बाजू, कारण तिच्यावर अन्याय नको. मार्कंड्याला महाशिवरात्रीच्या जत्रेला आम्ही आठ दिवस वैनगंगेच्या काठाजवळ एका ओळखीच्यांच्या शेतात राहिलो. पहिल्या दिवशी ट्रेलर सोडला, टेकू लावले, पाण्याची नळी जोडली. मग पिकअप मोकळीच होती. चामोर्शीला भाजी आणा, औषध आणा, कुणाला दवाखान्यात सोडा. मोटरहोममध्ये दूध आणायचं तरी भांडी आवरून, टेबल मिटवून अख्खं घर घेऊन निघावं लागतं. शिवाय पिकअप बिघडली तर मेकॅनिक फक्त पिकअप नेतो. मोटरहोमचं क्लच गेलं की घरच टोचन करून गॅरेजमध्ये जातं. आमचं एकदा गेलं, आणि दोन रात्री आम्ही डिझेल-ऑइलच्या वासात त्या गॅरेजच्या आवारात झोपलो. तेव्हा एका जागी दहा-पंधरा दिवस राहणारा माणूस असेल, मुलीच्या गावी, यात्रेत, संत्र्याच्या बागेत हंगामभर, तर मी डोळे मिटून ट्रेलर घे म्हणेन. तुमचा मुक्काम मात्र दर दोन दिवसांनी हलणार आहे. ताडोब्यात तर मोकळ्या पिकअपचा फायदाही नाही, कारण सफारी तिथल्या जिप्सीनं किंवा कँटरनंच करावी लागते. आणि शेगावला भक्तनिवास आहेत, तिथं गाडीत झोपायचीही गरज नाही.

सगळ्यात मोठं कारण मात्र वहिनी. साखर असलेल्या माणसाला रस्त्यात लघवीला थांबणं किती अवघड जातं हे मी माझ्या आईचं पाहिलंय. पाणीच कमी प्यायची ती, प्रवास म्हटला की. बाईमाणसाला आपल्या रस्त्यांवर सोय कुठे आहे? मोटरहोममध्ये गाडी कडेला घेतली की चार पावलांवर संडास, खाली उतरायचं नाही. ट्रेलरमध्ये तो मागच्या गाडीत असतो. उतरा, ट्रकच्या बाजूनं चालत जा, पुन्हा पायऱ्या चढा. आणि चालत्या ट्रेलरमध्ये कुणालाही बसवायचं नाही, आडवं व्हायलाही नाही. रात्री एखादी जागा बरोबर वाटली नाही, तर मोटरहोममध्ये आतूनच ड्रायव्हर सीटवर येऊन निघून जाता येतं. आम्ही दोनदा असे निघालो आहोत.

कागदांचं थोडक्यात. ट्रॅव्हलर घेऊन गावातल्या सुताराकडून आतलं काम करून घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवर लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि अपघातात विमा कंपनी आधी तेच बघते. मोटार कॅरॅव्हान हा नियमांत वाहनाचा वेगळा प्रकार आहे, त्याचं मानक एआयएस-124. बसायची जागा आणि टेबल, झोपायची, स्वयंपाकाची आणि सामानाची सोय, हे त्यात असावं लागतं. मंजुरी असलेल्या बनवणाऱ्याकडूनच करून घ्या. मला लोखंडाचं सगळं काम येतं, तरी माझी गाडी मी तशीच करून घेतली. ट्रेलरचंही तेच, त्याचं रजिस्ट्रेशन आणि विमा वेगळा लागतो. लायसन्सची काळजी नको, एलएमव्हीवर, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर, एकूण 7500 किलोपर्यंतची गाडी चालते आणि 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानंही ते स्पष्ट केलंय. ट्रॅव्हलर त्या मर्यादेच्या बरीच आत असते.

पिकअप आहेच, मग ट्रेलर स्वस्त पडेल, हा तुमचा हिशेब मला कळतो. पण पिकअपच्या पुस्तकात ती किती वजन ओढू शकते ते लिहिलंय का बघा. पाठीवर किती भरायचं तो आकडा वेगळा, ओढायचा वेगळा. नसेल लिहिलेला तर कंपनीकडून लेखी मागा, आणि तेही मिळालं नाही तर तिला ट्रेलर लावूच नका. डिझेलही धरा: माझी पिकअप मोकळी लिटरला बारा-तेरा द्यायची, ट्रेलर लावला की आठ. ट्रॅव्हलर दहा देते.

मुलगा छतावर एसी बसवा म्हणतोय, असं लिहिलंय तुम्ही. नोव्हेंबर ते जानेवारी फिरणार असाल तर तो खर्च वाचवा. शंभर अँपिअर-तासांची 12 व्होल्टची लिथियम बॅटरी सुमारे 1280 वॅट-तास देते, एक टनाचा एसी तासाला हजार-बाराशे खातो. म्हणजे एक बॅटरी, एक तास. तेच 180 वॅटचा कूलर त्याच बॅटरीवर सात तास चालतो, आणि आपल्या कोरड्या मे महिन्यात कूलर चांगला लागतो. पावसाळ्यात मात्र नुसती ओल वाढवतो. त्या पैशात छताला आणि भिंतींना आतून चांगला जाड उष्णतारोधक थर द्या. माझ्या ट्रेलरला तो नीट नव्हता. मे महिन्यात वरोऱ्याजवळ दुपारी तीनला आतल्या पत्र्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. बायकोनं कपाटातली मेणबत्ती दाखवली, ती वाकून कमान झाली होती.

पाण्याला हलकं समजू नका. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, आणि टाकी चाकांच्या मधोमध हवी. गाडी तयार झाली की पाणी, गॅस, कपडे, तुम्ही दोघं, सगळं भरून जवळच्या जिनिंगच्या धर्मकाट्यावर न्या. आधी पुढची चाकं, मग मागची, मग पूर्ण. आरसीवरच्या एकूण वजनापेक्षा एक किलोही जास्त नको. गॅस पाच किलोचा छोटा सिलिंडर, उभा बांधलेला, आणि त्याच्या खणाला तळाशी भोक, कारण गॅस जड असतो, खाली साचतो. संडासाची काढती टाकी साधारण वीस लिटरची येते, दोघांना दोन दिवस पुरते. ती धर्मशाळेच्या किंवा पंपाच्या संडासात विचारून रिकामी करा, नाल्यात कधीच नाही.

दोन्ही गाड्यांना सारखीच नडते ती आपली काळी माती. पाऊस पडून गेला असेल तर पांधणीवर उतरू नका, सोबतचे कितीही म्हणाले "निघते न भाऊ" तरी. डांबरावरून उतरायच्या आधी खाली उतरून टाच दाबून बघा. आणि भामरागडकडे पावसाळ्यात जाऊच नका, पर्लकोटा नदी चढली की रस्ताच बंद होतो. तुम्ही हिवाळ्यात जाताय, ते उत्तम आहे.

एक काम आजच करा. वहिनींना तुमच्या ओट्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर, भिंतीचा आधार न घेता, चढायला सांगा. कोणत्या उंचीला गुडघा कुरकुरत नाही ते टेपनं मोजा. मोटरहोमची पहिली पायरी जमिनीपासून तेवढ्याच इंचावर हवी, हे बनवणाऱ्याला ऑर्डर देतानाच लिहून द्या. आमच्याकडे तो आकडा सात आला होता. तुमचा किती येतो ते इथं लिहा, मी पायरीचं माप आणि दाराजवळच्या कड्याची उंची काढून देतो.