सायलेन्सरच्या चकाकीसाठी साडेचौदा हजार?

प्रश्न : कासारवडवलीला राहतो. २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ७८ हजार किमी झालेत, दिवाळीच्या सुमारास विकायचा विचार आहे. सायलेन्सरचं तोंड काळंकुट्ट झालंय, मागचा बंपरही काळवंडलाय. डिटेलिंगवाला साफसफाई, बफिंग आणि कोटिंगचे १४,५०० सांगतो. सहा बिनव्याजी हप्ते, रोख दिले तर १३,०००. अडीनडीसाठी १ लाख २० हजारांची एफडी आहे, घरखर्च महिना ६० हजार. मायलेजही १४ वरून ११ वर आलंय. पॉलिश करून घेतलं तर गाडीला बरा भाव येईल का?

उत्तर : नाही येणार. पण तुमच्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीय : मायलेज १४ वरून ११. महिन्याला ८०० किमी फिरत असाल तर ५७ लिटरमध्ये भागायला हवं, तिथे ७३ लागतंय. सोळा लिटर, म्हणजे दीड हजाराच्या वर रुपये दर महिन्याला वाया जातायत. बफिंगने त्यातला एक रुपयाही वाचणार नाही.

काजळी म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांच्या कडेने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीला ती थोडी धरतेच. पण बंपर काळा होण्याइतकी धरली, तर इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय किंवा ते नीट जळत नाहीये. एअर फिल्टर तुंबलेला, प्लग संपलेले, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बिघडलेला किंवा पेट्रोल फवारणारा इंजेक्टर गळका, यातलं काहीतरी असणार.

उद्या सकाळी गाडी थंड असताना नळीच्या आतून बोट फिरवा. सुकी, भुकटीसारखी काजळी हाताला लागली तर वरचंच कारण. बोट चिकट, तेलकट झालं आणि गाडी सुरू करताना निळसर धूर येत असेल, तर इंजिन ऑइल जळतंय. तो खर्च वेगळा, त्याकडे शेवटी येतो.

हा धडा मी स्वतः पैसे मोजून शिकलोय. माझ्या जुन्या गाडीच्या सायलेन्सरला एकाने चार हजारांत असं चमकवलं होतं की त्यात दाढी करता आली असती. तीन आठवड्यांत पुन्हा काळा! शेवटी नौपाड्यातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने बॉनेटही न उघडता डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. तापमानाचा काटा मध्यावर येतच नव्हता. इंजिनचं तापमान राखणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, उघडीच अडकली होती, इंजिन सदा गार, त्यामुळे पेट्रोल सदा जास्त. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, दुसरं काय!

तेव्हा आधी इंजिनातला दोष दाखवणारा स्कॅनर लावून घ्या, मेकॅनिक त्याचे काहीशे रुपये घेतो. फिल्टर आणि प्लगवर भागलं तर दोन-तीन हजारांत काम होईल आणि दोन महिन्यांच्या पेट्रोलमध्ये ते वसूलही होईल. सेन्सर बिघडलेला निघाला तर आणखी थोडे. टाळलंत तर जास्तीचं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला तापवतं. तो गेला की हिशोब हजारांत नाही, दहा हजारांच्या पटीत होतो. पीयूसीची पावतीही काढून बघा. बीएस-४ (प्रदूषण नियमांचा टप्पा) पेट्रोल गाडीला आयडलिंगवर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएम (दहा लाखांत २०० भाग) ही मर्यादा आहे. आकडे काठावर असतील तर पुढच्या वेळी अडकाल, आणि पीयूसीशिवाय गाडी फिरवली तर कायद्यात दंड दहा हजारांपर्यंत आहे.

आता ते ‘बिनव्याजी’ हप्ते. रोख १३,००० आणि हप्त्यांनी १४,५००, मग मधले दीड हजार कसले? २,४१७ चे सहा हप्ते मांडून पाहिले तर व्याजदर वर्षाला ३८ टक्क्यांच्या आसपास निघतो. एफडी मोडून रोख देणंही नको. ती आत्ताच जेमतेम दोन महिन्यांच्या खर्चापुरती आहे, मी नोकरदारांना सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायला सांगतो. ज्या गाडीला तुम्ही निरोप देताय, तिच्या शेपटीसाठी एफडीला हात लावू नका.

चकाकी हवीच असेल तर रविवारी घरी करा. सायलेन्सर पूर्ण थंड हवा, हातात रबरी मोजे, तोंडाला मास्क. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन काजळी उतरवा. तोंड स्टेनलेस स्टीलचं असेल तर सगळ्यात बारीक, चार शून्यांची (००००) स्टील वूल, म्हणजे पोलादी तारांचा मऊ बोळा, हलक्या हाताने फिरवा, मग ब्रासो आणि सुती फडकं. क्रोमचा मुलामा असेल तर स्टील वूल अजिबात नको, ओरखडे पडतात. तीन-चारशे रुपयांत होतं, फक्त फडकं परत घरात आणू नका, बायकोची बोलणी मी खाल्लीत.

विकताना गिऱ्हाईक बघतं ते सर्व्हिसच्या नोंदी, टायर, विमा, अपघात. दहा वर्षांच्या गाडीचा सायलेन्सर आरशासारखा दिसला तर बरोबर आलेला मेकॅनिक उलट आत बोट घालून बघेल. आणि ऑइल जळत असल्याचं निघालं तर इंजिन खोलू नका. पिस्टनच्या रिंगा बदलण्याचा खर्च विक्रीत परत मिळत नाही. दोन-तीन ठिकाणी आहे तशी दाखवा, दोष सांगून भाव घ्या. दिवाळीची वाटही बघू नका, कारण तोवरचं जास्तीचं पेट्रोल तुमच्याच खिशातून जाणार आहे.